प्रयोगशाळेतला कुत्रा आणि आपण

जून १८३२ मध्ये मुंबईच्या कोटात दंगल झाली, ती कुत्र्यांवरून. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती वाढते म्हणून कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारणाऱ्यांना कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने शिपाई रस्त्यावरच्या कुत्र्यांवर थांबेनात. दारातली, घरातली पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. ६ जूनला पारशी मंडळींनी शिपायांना अडवले, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सरकारला फौज बोलवावी लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतही त्याची नजर मृतावर पडावी लागते, म्हणून पुढाकार त्यांचा होता. पण हिंदू, जैन आणि काही मुसलमानही त्यांच्यासोबत होते. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली.

आज लिहायचे आहे ते रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दल नाही. औषधे आणि रसायने तपासण्यासाठी मुद्दाम पैदास केल्या जाणाऱ्या कुत्र्यांबद्दल आणि त्या पैदाशीविरुद्ध चाललेल्या चळवळीबद्दल लिहायचे आहे. तरीही सुरुवात १८३२ पासून केली, कारण आपल्याकडे एक समज पक्का आहे. प्राण्यांसाठी भांडणे हे इंग्रजी शिकलेल्या शहरी लोकांचे खूळ आहे, त्यात आपल्या समाजाचे काही नाही, असे बरेच जण मानतात. दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत.

परळमधले दोन दरवाजे

मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था निघाली. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले, ते आजही चालू आहे. मग १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली, आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते. तेव्हा विशीतले आगाखान तिसरे पुढे आले. त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांना कामासाठी दिला, चारचौघांत स्वतः लस घेतली आणि आपल्या खोजा जमातीला घ्यायला लावली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून तिचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट आहे.

म्हणजे एकाच परळमध्ये, थोड्या अंतरावर, प्राणी बरे करणारे रुग्णालय आणि माणसासाठी प्राण्यांवर प्रयोग करणारी संस्था अशा दोन्ही वास्तू उभ्या राहिल्या. मुंबईने दोन्ही उभारल्या आणि दोन्हींची तिला गरज होती. या विषयावर बोलताना कोणी एका दरवाजाकडे पाठ फिरवून बोलत असेल तर त्याचे बोलणे अर्धे आहे. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, त्यातून इन्सुलिन मिळाले. आपल्यापैकी किती घरांत फ्रिजच्या दारात इन्सुलिन असते हे सांगायला नको. कुत्रा चावल्यावर पोटात घेतलेली चौदा इंजेक्शने जुन्या लोकांना आठवत असतील. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीला शोधलेली ही लस बनवणे भारतात थांबले ते २००४ च्या अखेरीस. प्राण्यांचे हे ऋण मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा.

कायद्याने काय केले

इंग्लंडमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांना परवान्याची अट घालणारा कायदा १८७६ मध्येच झाला होता. तिथेही भांडण संपले नाही. लंडनमध्ये १९०३ साली विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर केलेल्या शस्त्रक्रियेवरून खटला झाला. १९०६ मध्ये बॅटर्सी भागात त्या कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. त्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंगे केले आणि १९१० मध्ये पालिकेने स्मारक हटवले.

आपल्याकडे १८९० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोगशाळेचा विचार नव्हता. स्वतंत्र भारतात हा प्रश्न संसदेत आणला नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. राज्यसभेत त्यांनी खाजगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा करील, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर ते मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याचे कलम १४ सांगते की ज्ञान वाढवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी किंवा रोग हटवण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदा नाहीत. पण लगेच कलम १५ मध्ये त्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद आहे, आणि कलम १७ मध्ये शक्य असेल तिथे प्रयोग टाळावेत आणि मोठ्या प्राण्याऐवजी छोट्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये, असे बजावले आहे. ही समिती १९६४ मध्ये नेमली गेली, पण तिला खरी धार आली ती १९९० नंतरच्या दशकात, मेनका गांधी अध्यक्ष असताना. १९९८ मध्ये पैदास आणि प्रयोग या दोन्हींसाठी नियम आले.

या नियमांचा एक परिणाम समजून घेण्यासारखा आहे. पूर्वी अनेक ठिकाणी रस्त्यावरची कुत्री प्रयोगासाठी वापरली जात. नव्या नियमांनी सांगितले की प्राणी नोंदणी केलेल्या पैदासकाराकडूनच घ्यावेत, तिथे नाही मिळाले तरच परवानगी घेऊन दुसरा कायदेशीर मार्ग धरावा. गल्लीतला कुत्रा सुटला. पण मागणी कायम राहिली आणि ती पुरवण्यासाठी पैदासकेंद्रांना कायदेशीर जागा मिळाली. अमेरिकेत हेच आधी घडले होते. तिथे चोरलेली पाळीव कुत्री प्रयोगशाळांना विकली जातात हे उघड झाले, 'लाइफ' मासिकाने फेब्रुवारी १९६६ मध्ये कुत्र्यांच्या एका व्यापाऱ्याकडची छायाचित्रे छापली, लोक खवळले आणि त्याच वर्षी कायदा झाला. चोरीचा कुत्रा गेला, पैदाशीचा आला. एखाद्याच्या घरातला कुत्रा नेला की मालक ओरडतो. पिंजऱ्यातच जन्मलेल्या कुत्र्यामागे ओरडणारे कोणी नसते.

बीगलच का

या कामासाठी जगभर बीगल जातीची कुत्री वापरतात. ती आकाराने बेताची असतात, कळपात राहतात, आणि स्वभावाने इतकी गरीब असतात की ज्या हाताने त्रास दिला त्याच हाताजवळ पुन्हा शेपूट हलवत येतात. शिकारी कळपासाठी माणसाने शतकानुशतके जोपासलेला हा गुणच त्यांच्या मुळावर आला आहे.

प्रयोगाचे स्वरूप कोरड्या भाषेत सांगतो. नवे औषध किंवा कीटकनाशक माणसापर्यंत येण्याआधी ते उंदीरवर्गातल्या एका आणि त्याबाहेरच्या एका प्राण्यावर तपासण्याची पद्धत आहे. दुसरा प्राणी बहुधा कुत्रा असतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीनुसार नव्वद दिवसांच्या चाचणीत प्रत्येक गटात किमान चार नर आणि चार मादी असतात. कमी, मध्यम आणि जास्त मात्रेचे तीन गट आणि काहीच न दिलेला एक गट, अशी एका पदार्थामागे किमान ३२ कुत्री लागतात. रोज ठरलेली मात्रा पोटात जाते. नव्वद दिवसांनी कुत्री मारून त्यांचे अवयव तपासतात, कारण चाचणीचा निष्कर्ष तिथेच मिळतो. प्रत्येकाच्या कानात नंबर गोंदलेला असतो, हाकेला नाव नसते.

चळवळीने काय मिळवले

म्हणून पुढच्या चळवळीने थेट पैदासकेंद्रांकडे मोर्चा वळवला. इंग्लंडमधले कॉन्सॉर्ट नावाचे बीगल पैदासकेंद्र लोकांच्या सततच्या निदर्शनांमुळे १९९७ मध्ये बंद झाले. इटलीत ब्रेशियाजवळच्या ग्रीन हिल केंद्रातून २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सुमारे २,६०० कुत्री ताब्यात घेऊन घरांना देण्यात आली. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एन्व्हिगो कंपनीच्या केंद्रातून २०२२ मध्ये सुमारे ४,००० बीगल बाहेर आली. २०२४ मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि साडेतीन कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला तयार झाली.

भारतातली गोष्ट आम्हा रामटेककरांच्या रस्त्यावरची आहे. आमच्या मनसरवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. त्याच रस्त्याने दक्षिणेला निघालात की नागपूर, आदिलाबाद, हैदराबाद, महबूबनगर आणि मग बंगळूर लागते. औषध चाचणीच्या उद्योगाची मोठी ठिकाणे याच रस्त्यावर आहेत आणि चळवळीची ठिकाणेही. २०१२ मध्ये बंगळूरच्या एका संशोधन कंपनीसाठी चीनहून आलेली ७० बीगल चेन्नईत उतरली, तेव्हा प्राणिमित्र संघटनांनी आवाज उठवला आणि ती प्रयोगशाळेत गेली नाहीत. २०१६ मध्ये बंगळूरच्याच एका प्रयोगशाळेतून शंभराहून अधिक बीगल बाहेर काढून लोकांच्या घरी देण्यात आली. त्याच वर्षी केंद्राने कुत्र्यांच्या व्यापारी आयातीवर बंदी घातली. मात्र समितीच्या शिफारशीने संशोधनासाठी आयात करण्याची वाट मोकळी ठेवली.

जून २०२५ मध्ये पेटा इंडियाने महबूबनगर जिल्ह्यातल्या पालामूर बायोसायन्सेस या कंपनीवर, तिथे बीगलची दाटीवाटीने पैदास होते आणि त्यांचे हाल होतात, असे आरोप केले. देखरेख समितीने तिथे तपासणी केली. हे आरोप आहेत, न्यायालयाचा निकाल नव्हे, म्हणून मी त्यावर शिक्का मारणार नाही. पण प्रश्न कोणा एका कंपनीचा नाहीच. कायदा पाळून, स्वच्छ पिंजऱ्यात, वेळेवर खाणे देऊन हेच चालले तर आपल्याला चालेल का, हा खरा प्रश्न आहे.

मग आपले काय

वर्गात हा विषय निघाला तेव्हा सातवीतल्या एका मुलाने लगेच विचारले, "सर, पर कुत्ता तो नजिस है ना?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

चारही मजहबांत यावर एकमत नाही. शाफई फिक्हमध्ये कुत्रा पूर्ण नजिस आहे. आपल्या कोकणातले बरेच मुसलमान शाफई आहेत. विदर्भ-मराठवाड्यात बहुतेक हनफी, त्यांच्याकडे कुत्र्याची लाळ नजिस आहे, अंग नाही. इमाम मालिक यांच्या मते कुत्रा पाकच आहे. कुत्रा घरात ठेवू नये अशा हदीस आहेत, मदिनेत एका काळी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि तो नंतर आवरता घेतला, हेही हदीसमध्ये आहे. यातले काही लपवायचे कारण नाही. पण नजिस हा शब्द कपडे आणि भांडी धुण्याबद्दल आहे. तो जीव दुखतो की नाही, याबद्दल नाही.

दुखण्याबद्दल वेगळ्या हदीस आहेत आणि त्या तितक्याच सहीह आहेत. तहानलेल्या कुत्र्याला आपल्या मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला माफी मिळाली. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईला आगीची शिक्षा मिळाली. जिवंत प्राण्याला बांधून त्यावर नेम धरणाऱ्यावर लानत आहे आणि जनावराच्या तोंडावर डाग देण्याची मनाई आहे. सीरतकार वाकिदी लिहितात की मक्केच्या वाटेवर हजरत पैगंबरांना पिलांना पाजत असलेली एक कुत्री दिसली. फौजेचा तिला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी एका सहाबीला, जुऐल यांना, तिच्याजवळ पहाऱ्यावर उभे केले. मक्का जिंकायला निघालेली फौज एका कुत्रीला वळसा घालून गेली. अस्हाबे कहफच्या गुहेच्या तोंडाशी बसलेला कुत्रा तर कुरआनमध्येच आहे.

उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला आणखी एका पुस्तकाची आठवण होते. दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा या विद्वान मंडळाने एक रिसाला लिहिला. त्यात प्राणी माणसाविरुद्ध जिन्नांच्या बादशहाच्या दरबारात फिर्याद मांडतात. माणूस म्हणतो, आम्ही मालक आहोत, आणि प्राणी त्याच्या एकेका दाव्याला उत्तर देतात. मौलवी इकराम अली यांनी फोर्ट विल्यम कॉलेजसाठी १८१० मध्ये त्याचे उर्दू केले. म्हणजे उर्दू गद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांतले एक पुस्तक प्राण्यांच्या फिर्यादीचे आहे. मुंबईच्या दंगलीच्या २२ वर्षे आधी आपल्या भाषेत हा खटला उभा राहिला होता. आणि अलीकडे, १९८७ आणि १९८९ मध्ये, इंग्लंडच्या वोकिंगमधल्या शाहजहान मशिदीचे माजी इमाम हाफिज बशीर अहमद मसरी यांनी इस्लाम आणि प्राणी या विषयावर पुस्तके लिहिली आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचा प्रश्न फिक्हच्या कसोटीवर तपासला. ती मशीद भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या पैशांतून उभी राहिली आहे.

कसोटी साधी आहे. जरूरत असेल तर मनाई केलेली गोष्टही चालते, पण जरूरत असेल तेवढीच. कुर्बानीचेच पाहा. सुरी धारदार असावी, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, त्याला ओढत नेऊ नये. परवानगी आहे, पण अटींसकट. इथे कोणी म्हणेल, बकरी ईद करणाऱ्याने कुत्र्याबद्दल बोलू नये. हे मी अनेकदा ऐकले आहे, आणि आपले लोक या चळवळींपासून दूर राहतात त्याचे मोठे कारण हेच आहे. प्राणिप्रेम आपल्याला आठवण करून दिले जाते ते वर्षातून एकदा, तेही बोट दाखवून. पण दुसऱ्याने विषय वाकडा धरला म्हणून आपण आपला हक्क सोडायचा का? उलट, जबह करताना जनावराच्या प्रत्येक वेदनेचा हिशेब द्यायला शिकवलेल्या माणसाने तोच हिशेब प्रयोगशाळेकडे मागणे सगळ्यात सरळ आहे. ही चाचणी कशासाठी? नव्या इन्सुलिनसाठी, की बाजारात आधीच वीस असलेल्या औषधाच्या एकविसाव्या नमुन्यासाठी? दुसरा उपाय होता का? होता, तर तो का वापरला नाही?

दुसरा उपाय नसतोच असे म्हणण्याचे दिवस मागे पडत आहेत. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या आणि अशा चाचण्या केलेल्या मालाची आयातही थांबवली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतले प्राण्यांचे विच्छेदन बंद करायला सांगितले. बेडूक न कापताही मुले प्राणिशास्त्र शिकली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि मानवी पेशींवरच्या व संगणकावर आधारलेल्या पद्धतींना प्राण्यांवरच्या चाचणीला पर्याय म्हणून जागा मिळाली. आता या पद्धती वापरायला लावण्याचे काम उरले आहे. ते निदर्शनांनी होते, न्यायालयातून होते, आणि आणखी एका वाटेने होते जी फारशा लोकांना माहीत नाही.

प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत, त्यात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयेही आली, एक नैतिकता समिती असावी लागते. प्रयोगाचा प्रस्ताव आधी तिच्यासमोर येतो. समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, सरकारी समितीचा प्रतिनिधी असतो, आणि एक जागा नियमाने अशा माणसासाठी असते जो शास्त्रज्ञ नाही, पण ज्याला समाजाची जाण आहे. त्याने बसून विचारायचे की हे खरेच लागते का, इतकी जनावरे का, आणि प्रयोगानंतर त्यांचे काय करणार. प्रयोगानंतर जनावराची काळजी घेणे ही संस्थेची जबाबदारी आहे, असे नियमही सांगतात.

आपल्या जमातीतली मुले-मुली आता फार्मसीला मोठ्या संख्येने जाताहेत. आपल्याकडे वकील आहेत, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, हदीस आणि फिक्ह शिकलेले आलिम आहेत. नागपूर, कामठी, अमरावती, औरंगाबाद, पुणे, जिथे जिथे अशी संस्था आहे तिथे या जागेवर कोण बसले आहे याची चौकशी करायला हवी, आणि जागा रिकामी किंवा नावापुरती भरलेली असेल तर अर्ज द्यायला हवा. मशिदीच्या एखाद्या जुम्याच्या बयानात तहानलेल्या कुत्र्याची हदीस दरवर्षी येतेच. त्या दिवशी नमाजनंतर फार्मसीतल्या मुलांना जवळ बोलावून एवढे विचारले तरी पुरे: बेटा, तुमच्या कॉलेजच्या समितीत ती खुर्ची कोणाकडे आहे?